क्रिएटीन : बलवर्धक पूड आणि मूत्रपिंडांचे आरोग्य

शरीर बळकट व्हावे ही तरुणांची आकांक्षा फार पुरातन आहे. आपल्या देशातील आखाड्यांत मल्ल लोक दूध, तूप, बदाम यांचा खुराक घेत आले. आजच्या व्यायामशाळांत त्या खुराकाच्या जोडीला एक नवा डबा येऊन बसला आहे. त्या डब्यातील पांढरी, गंधहीन व पाण्यात सावकाश विरघळणारी पूड म्हणजे क्रिएटीन होय. महाविद्यालयात जाणारा मुलगा ती पूड घरी आणतो, तेव्हा आईवडिलांच्या मनात साहजिकच शंका उद्भवते, की ही वर्षानुवर्षे घेतल्यास मूत्रपिंडे तर बिघडणार नाहीत ना? विक्रेता म्हणतो, 'मुळीच नाही.' शेजारी म्हणतो, 'हमखास बिघडतात.' दोघांचीही उत्तरे सारखीच निश्चयात्मक आहेत आणि सारखीच अपुरी आहेत. या प्रश्नाविषयी विज्ञानाला आज काय ठाऊक आहे, ते कसे कळले आणि त्या ज्ञानाची मर्यादा कोठे येते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मांसरसातील शोध

क्रिएटीन हे कारखान्यात प्रथम जन्मलेले द्रव्य नव्हे. १८३२ साली मिशेल शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञास मांसाच्या अर्कात एक स्फटिकरूप पदार्थ आढळला. मांस या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याने त्यास क्रिएटीन हे नाव दिले. पुढे १८४७ साली युस्टुस फोन लीबिग या जर्मन शास्त्रज्ञाने हे द्रव्य सस्तन प्राण्यांच्या मांसात नियमाने असते असे दाखविले. शिकारीत धावून धावून मारल्या गेलेल्या कोल्ह्याच्या मांसात बंदिस्त कोल्ह्याच्या मांसाहून सुमारे दसपट क्रिएटीन आहे, असेही त्यास आढळले. या द्रव्याचा स्नायूंच्या श्रमाशी काही संबंध असला पाहिजे, हे अनुमान तेव्हापासूनचे आहे.

तो संबंध नेमका कोणता, हे उकलण्यात एका भारतीयाचा मोठा वाटा आहे. आंध्रातील भीमवरम येथे १८९५ साली जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव हे मद्रास येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेले. तेथे सायरस फिस्के यांच्या समवेत त्यांनी द्रावणातील फॉस्फरस मोजण्याची एक रीत बसविली व १९२५ साली ती प्रसिद्ध केली. या रीतीत द्रावणास निळा रंग येतो, आणि रंग जितका गडद तितका फॉस्फरस अधिक असे समजावयाचे. स्नायूंच्या अर्कावर ही रीत चालवून पाहिली असता निळा रंग अपेक्षेप्रमाणे एकदम न येता हळूहळू चढत गेला. हा प्रयोगातील दोष समजून सोडून न देता त्यांनी त्याचा पाठपुरावा केला. स्नायूत फॉस्फेट हे क्रिएटीनशी बांधलेल्या स्थितीत असते, आणि ते संयुग आम्लात सावकाश फुटते म्हणून रंग रेंगाळतो, असे त्यांस दिसून आले. १९२७ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या या संयुगास आज फॉस्फोक्रिएटीन म्हणतात. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये फिलिप व ग्रेस एगल्टन या दांपत्यासही हे संयुग स्वतंत्रपणे आढळले होते.

स्नायूतील राखीव शक्ती

स्नायू आकुंचन पावतो तेव्हा त्यास लागणारी शक्ती अडिनोसीन ट्रायफॉस्फेट, म्हणजेच एटीपी, या द्रव्यापासून मिळते. परंतु त्याचा स्नायूतील साठा इतका अल्प असतो, की जोराच्या धावेत तो दोन-तीन सेकंदांत सरून जावा. अशा वेळी फॉस्फोक्रिएटीन आपले फॉस्फेट देऊन टाकते व एटीपी पुन्हा तयार होते. शंभर मीटरची धाव, जड वजन उचलणे, कुस्तीतील एखादा झटक्याचा डाव या कामी ही राखीव शक्ती उपयोगी पडते. सुमारे दहा सेकंदांनंतर तिचा जोर ओसरतो, आणि साखर व स्निग्ध पदार्थ यांच्या ज्वलनावर शरीरास विसंबून राहावे लागते.

सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या अंगात सुमारे १२० ग्रॅम क्रिएटीन असते व त्यातील ९५ टक्के स्नायूंत साठविलेले असते. त्याचा काही भाग शरीर स्वतःच बनविते. मूत्रपिंडात दोन अमिनो आम्लांपासून त्याचे पूर्वरूप तयार होते आणि यकृतात ते पूर्ण होते. उरलेला भाग मांस व मासे यांच्या आहारातून मिळतो. वनस्पतींत क्रिएटीन जवळजवळ नसतेच व दुधात ते फार थोडे असते. त्यामुळे शाकाहारी माणसाच्या स्नायूंतील साठा मांसाहारी माणसाहून काहीसा कमी असतो. एक किलो कच्च्या मांसात साधारणपणे चार ते पाच ग्रॅम क्रिएटीन असते. ही गोष्ट ध्यानात घेतली, म्हणजे पाच ग्रॅमचा एक चमचा हा नेहमीच्या आहाराच्या मानाने किती मोठा आहे हे कळून येईल.

१९९२ साली हॅरिस, सोडरलुंड व हल्टमन या संशोधकांनी मानवी स्नायूचे सूक्ष्म तुकडे तपासून असे दाखविले, की पाच ग्रॅम क्रिएटीन दिवसातून अनेक वेळा काही दिवस दिल्यास स्नायूंतील साठा निश्चितपणे वाढतो. त्याच वर्षी बार्सिलोना येथील ऑलिंपिक सामन्यांत भाग घेतलेल्या काही ब्रिटिश धावपटूंनी या द्रव्याचा उपयोग केल्याची वार्ता पसरली आणि अल्पावधीतच त्याचा व्यापार जगभर फैलावला. त्यानंतरच्या प्रयोगांवरून, रोज तीन ग्रॅम घेत राहिल्यास सुमारे चार आठवड्यांत तोच साठा तयार होतो, असेही दिसून आले. पहिल्या आठवड्यात मोठ्या मात्रा घेण्याची जी चाल पडली आहे, ती घाई असणाऱ्यांच्या सोयीची आहे. ती शरीराची आवश्यकता नव्हे.

या वाढलेल्या साठ्यापासून थोडा लाभ होतो, हे मान्य केले पाहिजे. थांबून थांबून केल्या जाणाऱ्या जोराच्या व्यायामात काही आवर्तने अधिक होतात. प्रारंभी वजन एक-दोन किलोंनी वाढते. परंतु ते बहुतांशी स्नायूंत शिरलेल्या पाण्याचे असते. व्यायामावाचून नुसत्या पुडीने कोणी मल्ल झाल्याचे उदाहरण नाही.

हौदाचे गणित

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. येथे वाचकांनी दोन सारख्या नावांतील भेद नीट ध्यानात ठेवावा. क्रिएटीन हे स्नायूंतील उपयुक्त द्रव्य, तर क्रिएटिनीन हे त्यापासून होणारे टाकाऊ द्रव्य होय. शरीरातील क्रिएटीनपैकी सुमारे पावणेदोन टक्के, म्हणजे साधारण दोन ग्रॅम, दररोज पाण्याचा रेणू गमावून आपोआप क्रिएटिनीनमध्ये रूपांतरित होते. ते रक्तात उतरते आणि मूत्रपिंडे त्यास गाळून मूत्रावाटे बाहेर टाकतात.

शाळेतील अंकगणितात हौदाचे उदाहरण प्रत्येकाने सोडविलेले असते. एका तोटीने पाणी आत येते, दुसरीने बाहेर जाते, तर हौदात पाणी किती राहील? रक्तातील क्रिएटिनीनचे गणित अगदी तसेच आहे. आत येणारी तोटी म्हणजे स्नायू आणि बाहेर नेणारी तोटी म्हणजे मूत्रपिंडे. प्रौढ पुरुषाच्या शंभर मिलिलिटर रक्तद्रवात साधारणपणे ०.७ ते १.३ मिलिग्रॅम क्रिएटिनीन असते. मूत्रपिंडे मंदावली, की बाहेरची तोटी अरुंद होते व हौदातील पातळी चढते. म्हणूनच वैद्य क्रिएटिनीन मोजून मूत्रपिंडांची अवस्था ठरवितात. मात्र या रीतीत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती ही की आत येणारी तोटी नेहमीच्याच धारेने वाहत आहे.

क्रिएटीनची पूड घेणारा मनुष्य नेमके हेच गृहीत मोडतो. त्याच्या स्नायूंतील साठा वाढलेला असतो; सबब क्रिएटिनीनही अधिक उत्पन्न होते. हौदाची पातळी किंचित चढते, पण बाहेरची तोटी पूर्वीइतकीच रुंद असते. अशा तरुणाच्या रक्ताचा अहवाल पाहून, त्यास पूड घेतोस काय हे न विचारल्यास, निरोगी माणसास रोगी ठरविले जाण्याचा संभव आहे. क्रिएटीनविषयीच्या भयाचा बराचसा भाग या घोटाळ्यातून निर्माण झालेला आहे.

परंतु याच गणिताची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. मूत्रपिंडांची राखीव क्षमता मोठी असल्यामुळे, त्यांचे जवळजवळ अर्धे कार्य नष्ट होईपर्यंत क्रिएटिनीन नेहमीच्या मर्यादेबाहेर जातेच असे नाही. अशा छुप्या विकाराच्या माणसाने पूड सुरू केली आणि पुढे क्रिएटिनीन वाढलेले दिसले, तर 'ते पुडीमुळे असेल' असे म्हणून तो निश्चिंत राहील. या निश्चिंतीत उपचाराचा मोलाचा काळ निघून जाईल. एकाच आकड्याने निरोगी माणूस विनाकारण भिऊ शकतो आणि रोगी माणूस विनाकारण निर्धास्त राहू शकतो.

रुग्णांची उदाहरणे आणि प्रयोग

मूत्रपिंडांविषयीची शंका केवळ आकड्यांच्या घोटाळ्यातून उठलेली नाही. १९९८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पंचवीस वर्षांच्या एका तरुणाची हकीकत प्रसिद्ध झाली. त्यास पूर्वीपासूनच मूत्रपिंडाचा विकार होता. क्रिएटीन घेऊ लागल्यावर त्याच्या मूत्रपिंडांचे कार्य घटल्याचे दिसले आणि ते थांबविल्यावर सुधारले. पुढच्याच वर्षी, रोज वीस ग्रॅम क्रिएटीन चार आठवडे घेणाऱ्या वीस वर्षांच्या एका तरुणाच्या मूत्रपिंडात दाह झाल्याची नोंद अमेरिकेतील एका प्रमुख वैद्यकीय नियतकालिकात आली. तेथे मूत्रपिंडाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासलेला होता. तेव्हा तो विकार केवळ भासमान होता असे म्हणता येत नाही. तथापि एका रुग्णात दोन गोष्टी एकामागून एक घडल्या, एवढ्यावरून पहिली दुसरीचे कारण ठरत नाही. अशा नोंदी म्हणजे धोक्याची घंटा होत. ती ऐकून शोध घ्यावयाचा असतो.

तो शोध घेतला गेला. १९९९ साली बेल्जियममधील पूर्टमन्स व फ्रँको या संशोधकांनी दहा महिने ते पाच वर्षे क्रिएटीन घेतलेल्या नऊ खेळाडूंची तपासणी केली. त्यांच्या मूत्रपिंडांच्या कार्यात पूड न घेणाऱ्यांच्या मानाने फरक आढळला नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्यांवर एकवीस महिन्यांपर्यंत लक्ष ठेवले होते. तेथेही हानी दिसली नाही. हौदाच्या गणितातील घोटाळा टाळण्यासाठी २०१० साली ब्राझीलमधील संशोधकांनी वेगळा मार्ग धरला. एकच मूत्रपिंड असलेल्या एका तरुणास त्यांनी पस्तीस दिवस क्रिएटीन दिले आणि किरणोत्सारी क्रोमियमचे एक संयुग शरीरातून किती वेगाने गाळले जाते ते मोजले. या मोजणीचा क्रिएटिनीनशी काहीही संबंध नसतो. गाळण्याचा वेग कमी झाला नाही.

दीर्घकालीन सेवनाविषयीची सर्वांत मोठी माहिती मात्र खेळाच्या मैदानावरून आलेली नाही. क्रिएटीनमुळे कंपवाताची, म्हणजे पार्किन्सनच्या विकाराची, वाढ मंदावेल अशी एक आशा होती. त्यासाठी अमेरिका व कॅनडा येथील ४५ केंद्रांत २००७ साली मोठा प्रयोग सुरू झाला. एकूण १,७४१ रुग्णांपैकी काहींना रोज दहा ग्रॅम क्रिएटीन आणि काहींना तशीच दिसणारी पण निष्क्रिय पूड देण्यात आली. रोगावर कोणताही गुण येत नाही असे दिसल्यावर २०१३ साली प्रयोग थांबविण्यात आला. औषध म्हणून क्रिएटीन तेथे अपयशी ठरले. परंतु अनेक वर्षे, त्यातही बहुतेक उतारवयाच्या माणसांनी, एवढी मात्रा घेऊनही तिच्यामुळे गंभीर अपाय झाल्याचे निष्पन्न झाले नाही. फसलेल्या प्रयोगाने अशा रीतीने दुसऱ्याच प्रश्नावर प्रकाश पाडला.

यावरून निघणारा निष्कर्ष असा, की निरोगी प्रौढ माणसाने शुद्ध क्रिएटीन रोज तीन ते पाच ग्रॅम घेतल्यास मूत्रपिंडांना इजा होते असे उपलब्ध पुरावा दाखवीत नाही. मात्र या वाक्यातील 'निरोगी', 'प्रौढ', 'शुद्ध' आणि 'तीन ते पाच ग्रॅम' या प्रत्येक शब्दावर भर आहे. त्यांतील एकही शब्द गळला, तर निष्कर्ष तसाच राहील असे समजू नये.

इतर शंका

१९९७ साली अमेरिकेत महाविद्यालयीन कुस्तीगीर तीन तरुण सुमारे महिन्याभरात मृत्युमुखी पडले आणि संशय क्रिएटीनवर गेला. चौकशीत दिसून आले ते वेगळेच. ठरावीक वजनगटात बसण्यासाठी या मुलांनी पाणी तोडले होते आणि घाम बाहेर न जाऊ देणारे कपडे अंगात घालून उष्ण जागी कठोर व्यायाम केला होता. निर्जलीभवन व अतिउष्णता यांनी त्यांचा घात केला. संशयित निर्दोष ठरला तरी धडा कायम आहे. आपल्याकडेही वजनगटांच्या कुस्त्या होतात. सामन्याच्या आदल्या दिवशी तहान मारून वजन उतरविणे हे कोणत्याही पुडीपेक्षा अधिक घातक होय.

दुसरी शंका कर्करोगाची. १९७७ च्या सुमारास जपानमध्ये सुगिमुरा यांच्या संशोधनातून असे आढळले, की करपलेल्या मासळीत व मांसात आनुवंशिक द्रव्यास बाधा आणणारी काही संयुगे उत्पन्न होतात. मांसातील क्रिएटीन व अमिनो आम्ले यांचा प्रखर उष्णतेत संयोग होऊन त्यांपैकी अनेक संयुगे बनतात, हेही पुढे स्पष्ट झाले. २००१ साली फ्रान्समधील अन्नसुरक्षा संस्थेने या कारणास्तव पुडीविषयी चिंता व्यक्त केली. परंतु तव्याची उष्णता शरीरात नसते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, क्रिएटीन घेणाऱ्या माणसांत अशी संयुगे वाढलेली आढळली नाहीत.

तिसरी शंका टक्कल पडण्याची. २००९ साली दक्षिण आफ्रिकेतील वीस रग्बी खेळाडूंवर केलेल्या प्रयोगात, केस गळण्याशी संबंध असलेल्या एका संप्रेरकाचे रक्तातील प्रमाण वाढलेले दिसले. तेथे केस कोणी मोजलेच नव्हते. केस व संप्रेरक दोन्ही तपासणाऱ्या, २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या बारा आठवड्यांच्या प्रयोगात असा परिणाम दिसला नाही. एकाच वेळी दहा ग्रॅम घेतल्याने पोट बिघडणे व जुलाब होणे हा मात्र वारंवार येणारा अनुभव आहे. मात्रा विभागून घेतल्यास तो बहुधा टळतो.

डब्यात काय आहे?

प्रयोगशाळेतील पूड आणि बाजारातील पूड एकच असतील असे नाही. आजचे क्रिएटीन मांसातून काढीत नाहीत. ते सार्कोसिनेट व सायनामाइड या रसायनांपासून कारखान्यात बनवितात. शुद्धीकरण नीट न झाल्यास त्यात डायसायनडायमाइडसारखी उपद्रव्ये राहू शकतात. याहून मोठा धोका मिश्रणांचा आहे. जर्मनीतील कोलोन येथील प्रयोगशाळेने तेरा देशांतून विकत घेतलेले ६३४ आहारपूरक पदार्थ तपासले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालानुसार ९४ पदार्थांत वेष्टनावर न लिहिलेली संप्रेरकसदृश द्रव्ये आढळली. क्रिएटीन हे स्वतः खेळांतील निषिद्ध द्रव्यांच्या यादीत नाही. परंतु अशा भेसळीमुळे खेळाडू निर्दोष असूनही उत्तेजकांच्या चाचणीत सापडू शकतो आणि त्याचे आरोग्यही धोक्यात येते. आपल्या देशात अन्नपदार्थांच्या वेष्टनावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक असावा लागतो. तो पाहणे, आणि अनेक अज्ञात घटकांच्या मिश्रणांपासून दूर राहणे, एवढे तर ग्राहकाच्या हाती आहेच.

कोणी सावध असावे?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीवरून २०२१ साली आपल्या देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह होता असा अंदाज निघाला. मधुमेह व वाढलेला रक्तदाब ही मूत्रपिंडविकाराची दोन प्रमुख कारणे होत, आणि कित्येकांना आपणांस हे विकार आहेत याचा पत्ताही नसतो. म्हणून मूत्रपिंडविकार, मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी, घराण्यात मूत्रपिंडाचा रोग असणाऱ्यांनी आणि नेहमी वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्यांनी वैद्याच्या सल्ल्यावाचून क्रिएटीन घेऊ नये. गर्भवती स्त्रियांनीही तसेच करावे. अठरा वर्षांखालील मुलांवरील दीर्घकालीन प्रयोग फार थोडे आहेत. वाढत्या वयात दूध, डाळी, अंडी, झोप व नियमित व्यायाम यांवरच भर असावा.

निरोगी प्रौढासही एक साधा नियम पाळता येईल. पूड सुरू करण्यापूर्वी रक्तातील क्रिएटिनीन व मूत्रातील प्रथिन यांची तपासणी करून तो कागद जपून ठेवावा. पुढे कधीही रक्त तपासताना आपण क्रिएटीन घेतो हे वैद्यास न लपविता सांगावे. शंका आल्यास वैद्य सिस्टॅटिन सी नावाच्या दुसऱ्या द्रव्याची मोजणी करू शकतात, कारण त्याची पातळी स्नायूंतील क्रिएटीनवर अवलंबून नसते. पूड थांबविल्यावर स्नायूंतील साठा चार ते सहा आठवड्यांत पूर्ववत होतो. त्यानंतरही क्रिएटिनीन चढलेलेच राहिले, तर दोष पुडीच्या माथी मारून स्वस्थ बसू नये. मूत्रात प्रथिन आढळल्यास तर एवढीही वाट पाहू नये. क्रिएटीनमुळे मूत्रात प्रथिन जात नाही, आणि ते मूत्रपिंडांनी दिलेली खरी सूचना असू शकते.

'हे द्रव्य सुरक्षित आहे काय?' या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी विज्ञान आणखी तीन प्रश्न विचारते : कोणासाठी, किती मात्रेत आणि किती काळ? निळा रंग उशिरा का आला, असे विचारण्यासाठी सुब्बाराव थांबले, म्हणून स्नायूतील एक रहस्य उलगडले. आपल्या हातातील रक्ताच्या अहवालावर एखादा आकडा अनपेक्षित दिसला, तर त्यास भिऊ नये आणि त्याकडे दुर्लक्षही करू नये. तो आकडा कोठून आला याचा शोध घ्यावा. त्या शोधावर एखाद्या तरुणाची मूत्रपिंडे वाचणे अवलंबून असेल.